अर्धा फेरा

किडरमिन्स्टरमध्ये, कालव्यामागच्या गल्लीत
भाड्याचं गॅरेज, नंबर अकरा.
पत्र्याचं दार वर ढकललं की
आधी थंडी बाहेर येते, मग व्होल्वो.
त्र्याण्णव सालची, बिस्किटाच्या डब्यासारखी चौकोनी.
पार्डोच्या बायकोची होती.
तिच्या कुत्र्याचे केस अजून मागच्या सीटखाली सापडतात.

पार्डो चाळीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत
मागांचे ताण जुळवायचा.
गिरणीच्या जागी आता सुपरमार्केट आहे.
तो तिथे दूध घ्यायला जातो आणि सांगतो,
'हे ब्रेडचं कपाट आहे ना, इथे माझा सात नंबर होता.'

पहिल्याच दिवशी म्हणाला,
'टर्बोला कुणी ढकलत नाही, पोरी.
तो इंजिनच्या धुरावरच फिरतो.
जेवढा धूर तेवढी हवा कोंबतो, जेवढी हवा तेवढा पुन्हा धूर,
अडवलं नाही तर इंजिनच खाऊन टाकेल.
म्हणून हे दार.'
दार म्हणजे रुपयाएवढी झडप,
तिला धरून ठेवणारी स्प्रिंग,
आणि स्प्रिंगकडे दाबाची खबर नेणारी
करंगळीहून बारीक रबरी नळी.
खबर पोचली की दार उघडतं,
जादा धूर बाजूने निसटतो.
'कुकरसारखं,' मी म्हणाले.
'त्याला चाकं असतात?' त्याने विचारलं.

त्या नळीत आम्ही नऊ पौंडांचा पितळी स्क्रू बसवलाय.
तो दाब वाढवत नाही.
तो फक्त खबर थोडी गळू देतो.
आत आठ दशांश बार, दाराला ऐकू येतात चार,
दार निवांत मिटलेलं,
आणि चक्र फिरतंय, फिरतंय.

बाबा कोपरगावला साखर कारखान्यात बॉयलरवर होते.
सेफ्टी व्हॉल्व्हला इन्स्पेक्टरचं शिशाचं सील असायचं.
त्याला बोट लावलं तर नोकरी जाते, म्हणायचे,
मागोमाग बोटही.
रविवारी फोनवर विचारतात, 'कंपनी काय म्हणते?'
कंपनी सप्टेंबरात जे म्हणाली
ते दोन पानी पत्र स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात आहे.
मी बाबांपर्यंत थंडी पोचू देते,
फ्लॉवरचा भाव,
पार्डोचा गुडघा.
खोटं एक अक्षर नाही.

काल रात्री वूस्टरच्या रस्त्यावर
पार्डो शेजारी, मांडीवर टॉर्च, नजर काट्यावर.
तिसरा गिअर. पाय खाली.
बारीक शीळ आधी, मग पाठीत कुणीतरी तळहात ठेवल्यासारखं.
तो मोठ्याने वाचत होता,
'पाच. सहा.
सात.'
बायकोचं वाहन इतकं पळतंय याचा
थोडा अभिमानही होता आवाजात.
'आठ.'
नऊ म्हणायला वेळच मिळाला नाही.
कॉम्प्युटरने पेट्रोल तोडलं.
गाडी अदृश्य भिंतीला आपटल्यासारखी झुकली,
आम्ही दोघं पट्ट्यांवर आदळलो,
आणि मग आवाजच नाही,
नुसती टायरखालची ओली सडक,
डावीकडून उजवीकडे वायपर.

'चला,' पार्डो बऱ्याच वेळाने म्हणाला,
'कुणीतरी ऐकत होतं.'
हवा मोजणारा एक वेगळाच पहारेकरी असतो, फिल्टरजवळ.
त्याला नळी लागत नाही.
तो सांगोवांगीवर विश्वास ठेवत नाही.

रस्त्याकडेला थांबून बॉनेट उघडलं.
टर्बो विझत्या निखाऱ्यासारखा मंद लाल,
तापलेलं लोखंड टिकटिकत होतं.
टॉर्च पार्डोच्या हातात, हात थोडा थरथरता.
मी स्क्रू बंद करत आणला.
'किती?'
'अर्धा फेरा.'
'अजून अर्धा दे.'

अकरा वाजून गेले होते.
म्हणजे कोपरगावात पहाटेचे साडेचार.
पहिल्या पाळीची सवय, बाबा उठून बसले असणार,
चहाचं आधण ठेवून, ज्योत बारीक करून.
फोन उजव्या खिशात होता,
उजवा हात ग्रीसने बरबटलेला,
बोटं अजून स्क्रूवरच.
'पोरी,' पार्डो म्हणाला, 'टॉर्च विझत आलाय.'